एक जून

आमच्या विद्यापीठात
मे महिन्याच्या एकतीस तारखेला हार कमी पडतात.
जोतिबा रोडवरचा फुलवाला आठवडाभर आधीच फोन करतो,
"म्याडम, यंदा किती?"
मी यादी बघून सांगते : एकोणीस.

कागल, शिरोळ, राधानगरी, कुठलंही गाव घ्या.
पोराला शाळेत घालायला आलेल्या बापाला गुरुजींनी विचारलं,
"जन्म कवाचा?"
बाप म्हणाला, "रोहिणी निघाल्या हुत्या. आमची म्हस व्याली त्याच साली."
गुरुजींनी टाक बुडवला आणि लिहिलं
एक जून.

माझ्या कपाटात अशी दोनशे तेरा जुळी भावंडं आहेत,
एकमेकांना न ओळखणारी.

आधी अकरा वर्षं मी वित्त विभागात होते.
तिथं एकदा सत्त्याऐंशी पैसे जुळेनात
म्हणून साडेपाचची केएमटी सोडली, मग सातची,
मग भावाला मोटरसायकल घेऊन यावं लागलं.
सापडले ते एका मयत प्राध्यापकांच्या निर्वाह निधीत.
त्या रात्री मी शांत झोपले.
याची आता थोडी लाज वाटते.

मग आस्थापना.
इथं आकड्यांना भुवया असतात.
उंची पाच फूट चार इंच.
ओळखीची खूण : डाव्या भुवईवर जखमेचा व्रण.
खाली पाच बोटांचे ठसे,
आणि त्यापुढं तीस-पस्तीस वर्षं
वेतनवाढ, वेतनवाढ, अर्जित रजा, वेतनवाढ.

दस्तगीर मुजावर, माळी.
निवृत्तीला चार महिने असताना अर्ज घेऊन आला,
सोबत मावशीचं प्रतिज्ञापत्र :
गुरुजींनी वय दोन वर्षं वाढवून लावलंय.
नियम मला पाठ होता.
जन्मतारखेची दुरुस्ती नेमणुकीपासून पाच वर्षांच्या आत.
मी टिपणी लिहिली :
नियमात बसत नाही. सबब अर्ज निकाली काढावा.
तो समोरच्या स्टुलावर होता. म्हणाला,
"नियमात बसत न्हाई,
पर म्या हितं बसलोय न्हवं का?"

हार घातला त्याला. शाल दिली.
दुसऱ्या दिवशी सकाळी नवाला
तो ग्रंथालयामागच्या चाफ्यांना पाणी घालत होता.
हजेरी नाही, पगार नाही,
सुरक्षारक्षकानं हटकलं तर नुसता हात करायचा.
रोज. पावसाळ्यातसुद्धा, छत्री धरून.
दोन वर्षं.
मग एका दुपारी माझ्या टेबलावर
कागदाच्या पुडीत बत्तासे ठेवले.
"आज रिटायर झालो म्याडम."
ही नोंद कुठल्याच पुस्तकात घेता आली नाही.

माझीही तारीख एक जूनच.
आई म्हणायची, त्र्यंबोलीला नव्या पाण्याच्या कावडी निघाल्या होत्या,
पिपाणी वाजत होती, दाई सापडत नव्हती.
म्हणजे आषाढ.
म्हणजे माझे महिना-दीड महिना
कुठल्या तरी गुरुजींच्या दौतीत राहिले.
मी अर्ज केला नाही.
काय निकाल लागेल ते माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे.

स्वतःच्या सेवापुस्तकात स्वतः नोंद घ्यायची नसते.
केतकी नेजदार घेतेय, अनुकंपावर लागलेली.
तिच्या वडिलांचं पुस्तक मीच बंद केलं होतं,
निम्म्याहून जास्त पानं कोरी.
तिचं अक्षर गोल आहे, घाई नाही.
"नियत वयोमानानुसार दिनांक ३१ मे रोजी
मध्यानोत्तर सेवानिवृत्त."
मी म्हणते, ह राहिला बाळ. मध्यान्होत्तर.
ती न खोडते, वर न्ह बसवते,
जरा चिकटून, जरा वर.

खिडकीबाहेर मोर ओरडतोय. सहा वाजून दहा मिनिटं.
खाडाखोड झाली की शेजारी सही लागते.
सवयीनं
मी पेनचं टोपण काढते.